बार्बा यूरेची सही

टेबलाची जादा फळी विन्काने या वर्षीही लावली. जेवायला चारच माणसं होती, हे तिला ठाऊक होतं. पण सामन्याच्या दिवशी साब्लिचांच्या घरचं टेबल चौदा जणांचं असायचं. फळी न लावणं म्हणजे काहीतरी कबूल करण्यासारखं झालं असतं, आणि सकाळी आठ वाजता तिची काही कबूल करायची तयारी नव्हती. तिने पांढरं कापड पसरलं, कोपरे ओढले, आणि चार ताटं एका टोकाला न मांडता मुद्दाम अंतर सोडून मांडली. मग तिलाच ते बघवेना. पुन्हा सगळी ताटं तिने तातांच्या, म्हणजे वडिलांच्या, खुर्चीजवळ सरकवली.

शनिवार होता, डिसेंबरची सत्तावीस तारीख, साल एकोणीसशे शहाऐंशी. दुपारी दीडला पॉइंट लूसीच्या नगरपालिका स्टेडियमवर एकोणपन्नासावा फिग बाऊल सुरू होणार होता. छत्तीस साली गावातल्या चार जणांनी कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलचा हा वार्षिक सामना काढला, तेव्हा गुलाब, संत्री, साखर, कापूस ही सगळी नावं मोठ्या शहरांनी आपापल्या सामन्यांसाठी आधीच उचलली होती. पॉइंट लूसीकडे उरले होते मासे आणि अंजीर. माशाच्या नावाचा करंडक हातात घ्यायला कोणी पोरगा तयार होणार नाही असं ताता म्हणाले, म्हणून अंजीर. अजूनही दोन्ही संघांतल्या प्रत्येक खेळाडूला अंजिराच्या मुरंब्याची एकेक बरणी मिळायची, आणि बाहेरगावची वर्तमानपत्रं दर वर्षी त्यावर तोच विनोद करायची.

ताता, म्हणजे लुका साब्लिच, त्या चौघांतले एकटेच हयात होते. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. सकाळपासून ते गळ्यात टाय बांधून स्वयंपाकघरात बसले होते आणि विन्का तळत असलेल्या पुशराट्यांवर लक्ष ठेवून होते. मनुका, अक्रोड आणि संत्र्याची साल घातलेले ते गोळे कढईत फिरत होते.

"रंग कमी आलाय," ताता म्हणाले.

"येईल. आत्ताच टाकलेत."

"तुझी आई गडद काढायची."

"आई जाळायची, ताता. तुम्हाला जळके आवडायचे म्हणून ते गडद."

ते हसले. सकाळच्या वेळी ते दोघं असेच बोलत. बारा वर्षांपूर्वी आई गेल्यापासून या घरात रोजचं बोलणं एवढंच होतं. विन्का अठ्ठावन्न वर्षांची होती. शाळेच्या ग्रंथालयातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. तरुणपणी तटरक्षक दलातल्या एकाने तिला मागणी घातली होती, पण त्याची बदली सिअ‍ॅटलला झाली आणि तेव्हा आई आजारी होती. पुढे त्याचं एक पत्र आलं, मग नाताळची दोन कार्डं, मग काही नाही. त्याबद्दल ती कोणाशी बोलत नसे. कोणी विचारतही नसे.

वर्षातून एकदा, सामन्याच्या आठवड्यात, घर भरायचं. जॅक्सनहून धाकटा भाऊ निको, त्याची बायको, तीन मुली. ह्यूस्टनहून सगळ्यात धाकटी येल्का, तिचा नवरा, दोन मुलगे. शिवाय चुलत-मावस. आधी मुली कॉलेजात गेल्या, मग त्यांची लग्नं झाली. येल्काच्या मुलांना बर्फावर घसरायला जायचं असायचं. या वर्षी निकोच्या बायकोला सर्दी झाली होती, आणि येल्काच्या नवऱ्याचं कारण विन्काने विचारलंच नाही.

साडेदहाला ताता आणि तीन भावंडं अशी चौघं जेवायला बसली. गंबोचा, कोळंबीच्या दाट रश्श्याचा, पहिला चमचा तोंडात जाण्याआधीच निकोने कोटाच्या आतल्या खिशातून लांब पाकीट काढून ताटाशेजारी ठेवलं.

"जेवण झाल्यावर," विन्का म्हणाली.

"जेवण झाल्यावर सगळ्यांची पळापळ असते. दोन मिनिटांचं काम आहे." निको विम्याच्या धंद्यात होता आणि कुठलंही काम दोन मिनिटांचं म्हणूनच पुढे करायचा. "तुला माहीतच आहे काय आहे ते."

तिला माहीत होतं. निको दोन वर्षांपासून फिग बाऊलच्या कमिटीचा अध्यक्ष होता. पुढच्या वर्षी सामना जॅक्सनच्या मोठ्या स्टेडियमवर न्यायचा, असं कमिटीने ठरवलं होतं. पण सामन्याची मूळ घटना छत्तीस सालची होती आणि तिच्यात एक कलम होतं: मैदान बदलायचं असेल तर चारही संस्थापकांची, किंवा त्यांच्या वारसांची, सही हवी. एक औषधवाले फॉन्टेन. दुसरे त्या वेळचे महापौर कोलियर. तिसरे ताता. आणि चौथे तातांचे थोरले भाऊ यूरे, ज्यांना सगळी मुलं बार्बा यूरे, म्हणजे यूरेकाका, म्हणायची. बार्बा एकसष्ट साली वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मृत्युपत्रात त्यांनी आपला हक्क विन्काच्या नावे केला होता.

"मी नाही म्हणून सांगितलंय तुला, निको. दोनदा फोनवर सांगितलंय."

"फोनवर माणूस काहीही सांगतो. हे बघ." त्याने कागद उलगडला. "फॉन्टेनच्या नातवाने केली. कोलियरच्या मुलीने केली. आणि..."

त्याला पुढे बोलावं लागलं नाही. तिसरी सही विन्काने उलटीकडूनही ओळखली. थरथरत्या हाताची, शेवटच्या अक्षराला खाली घसरलेली. दर महिन्याला पेन्शनच्या कागदावर ती याच सहीखाली बोट धरायची.

"ताता?"

तातांनी पावाचा तुकडा गंबोत बुडवला आणि तिथेच धरून ठेवला.

"केव्हा केलीत?"

"नोव्हेंबरात," निको म्हणाला. "मी येऊन गेलो होतो ना. तू दातांच्या डॉक्टरकडे होतीस."

"मी दातांच्या डॉक्टरकडे होते, म्हणून तू त्या दिवशी आलास."

"झालं! आता मी चोर!"

"मी तसं म्हटलं नाही. तू म्हणालास."

येल्काने आपला चमचा खाली ठेवला. दोन आठवड्यांपूर्वी तिने फोनवर विन्काला शब्द दिला होता: घाबरू नकोस, मी आहे तुझ्या बाजूने, निकोला मी बघते. विन्काने तिच्याकडे पाहिलं. येल्का रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती.

"येल्का, सांग ना त्याला."

"काय सांगू?"

"फोनवर म्हणालीस ते."

"विन्का, मी काल संध्याकाळी स्टेडियमवरून चालत आले." येल्काचा आवाज खाली गेला. "पूर्वेकडच्या पायऱ्यांना तडे गेलेत. बायकांच्या शौचालयात एकच नळ चालतो. मागच्या वर्षी सात हजार माणसं होती गं, बावीस हजारांच्या जागेत. कॅमेरावाले एकाच बाजूला दाखवत होते, तरी रिकामं दिसत होतं. मी ह्यूस्टनला शेजाऱ्यांना बोलावलं होतं बघायला. मला लाज वाटली."

"म्हणजे तूही."

"मी काय तूही? मला विमान बदलून मोबीलला उतरावं लागतं, तिथून गाडी. गुडघे बघ माझे. जॅक्सनला सरळ विमान आहे."

"नेमकं!" निको म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस," येल्का त्याच्यावर उखडली. "तुझं खरं असलं तरी तू ते इतकं वाईट सांगतोस की माणसाला उलटं करावंसं वाटतं."

विन्का उठली. गंबो वाढायचं निमित्त होतं, पण तिने पातेल्याला हात लावला नाही. सिंकजवळ उभी राहून तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. गल्लीत दोन मोटारी उभ्या होत्या. पूर्वी सामन्याच्या सकाळी लोक अंगणात गाडी लावू द्या म्हणून दार वाजवायचे.

कमिटीने तिला पन्नासाव्या सामन्यासाठी एक पुस्तिका लिहायला सांगितली होती: फिग बाऊलच्या मैदानांचा इतिहास. सहा महिने ती त्यावर बसली होती. पहिले अकरा सामने, युद्धातली दोन वर्षं वगळून, जत्रेच्या मैदानावर, घोड्यांच्या शर्यतीच्या गोल वाटेच्या आत, बार्बा यूरेच्या जागेत. तेव्हा तीन हजारांचा लाकडी मांडव होता आणि काळ्या माणसांनी तबेल्यापाशी दोरीच्या पलीकडे उभं राहायचं असे. मग एकोणपन्नास सालापासून समुद्राकाठी हे काँक्रीटचं स्टेडियम. तिथे त्यांच्यासाठी उत्तरेचा कोपरा आणि वेगळं फाटक. फाटकाची साखळी सदुसष्ट साली निघाली. एकोणसत्तरच्या ऑगस्टात कमिल वादळाने पूर्वेची बाजू नेली, तेव्हा एक वर्ष विगिन्सच्या हायस्कूलच्या मैदानावर. सत्तरपासून पुन्हा इथे. निकोने मजकूर वाचून लाल पेन्सिलीने दोन जागा खोडून पाठवल्या होत्या. एक दोरीची आणि साखळीची. दुसरी एकोणपन्नास सालची.

ती बाहेरच्या खोलीत गेली, टाइपरायटरखालचा पुठ्ठ्याचा खोका ओढला आणि एक पिवळा कागद घेऊन परत आली. तो तिने निकोच्या कागदाशेजारी ठेवला.

"हा एकोणपन्नास सालचा. जत्रेच्या मैदानावरून स्टेडियमवर जायचा. यावरही चार सह्या आहेत."

"मग? मी हेच तर म्हणतोय. आधीही बदललं होतं. आभाळ कोसळलं नाही."

"चौथी सही वाच."

निकोने चष्मा वर केला. "जॉर्ज साब्लिच. बार्बाची आहे."

"यूरेचं इंग्रजीत जॉर्ज होतं, पण बार्बाने आयुष्यात कधी स्वतःला जॉर्ज म्हणवून घेतलं होतं? पोस्टमनने जॉर्ज म्हटलं तर ते पत्र घ्यायचे नाहीत. घोड्यांच्या पावत्यांवर, चर्चच्या वहीत, मृत्युपत्रावर, सगळीकडे यूरे आहे. मी प्रत्येक कागद पाहिलाय. जॉर्ज फक्त इथे आहे."

येल्का वाकून कागद पाहत होती. तिने मान वर केली ती सरळ तातांकडे. मग निकोनेही तिकडे पाहिलं, पण लगेच नजर काढून घेतली. विन्काच्या लक्षात आलं: याला माहीत होतं. लाल पेन्सिल उगाच फिरली नव्हती.

"तुला कधीपासून माहीत आहे, निको?"

"ते महत्त्वाचं नाही."

"कधीपासून?"

"अध्यक्ष झालो तेव्हा जुन्या फायली चाळल्या." त्याने आवाज खाली आणला, जणू ताता तिथे नव्हतेच. "सदतीस वर्षं झाली. दोघंही म्हातारे... एक तर गेलाच. करंडकावर तातांचं नाव आहे, विन्का. आज मध्यंतरात गाव त्यांचा सत्कार करणार आहे. तू पुस्तिकेत काय छापणार? की यांनी सख्ख्या भावाची खोटी सही केली?"

"ओरडू नका," ताता म्हणाले. कोणीच ओरडत नव्हतं. त्यांनी कानातलं यंत्र काढलं, बोटाने पुसलं आणि परत बसवलं. "मला सगळं ऐकू येतंय. सही मी केली."

"ताता, तुम्ही काही बोलू नका."

"तू गप रे. विमा विकतोस काय मला?"

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते. बार्बा यूरेने तातांना बोटीचं तिकीट पाठवून मायदेशातून, दाल्मेशियातून, इथे बोलावून घेतलं होतं, पहिली तीन वर्षं स्वतःच्या खोलीत ठेवलं होतं, पहिल्या होडीत निम्मा वाटा दिला होता. टेबलाभोवतीच्या तिघांनी ही गोष्ट लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की आता कोणी ती काढायची गरज नव्हती. एकोणपन्नासनंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. का, ते घरात कधी निघालं नव्हतं. बार्बा तापट होते, एवढंच मुलांना सांगितलं गेलं होतं.

"तर मग," विन्का कागदावर हात ठेवून म्हणाली, "बार्बाने नाही म्हटलं असतं. मीही नाही म्हणते. त्यांच्या वतीने, आणि माझ्या वतीनेही."

"का?" निकोने विचारलं. "मला एकदा नीट सांग. गावासाठी? गाव स्वतःच येत नाही सामन्याला. खेळासाठी? तुला तर नियमही धड कळत नाहीत."

"मला तुझ्यापेक्षा जास्त कळतात."

"मग कशासाठी?"

उत्तर येल्काने दिलं, आणि तिने ते हळूच दिलं, त्यामुळे ते जास्त लागलं.

"तिला सामना नकोय, निको. तिला आपण हवे आहोत."

निकोने वर केलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"हो," विन्का म्हणाली. तिचा चेहरा तापला होता. "हो, मग? त्यात काय चोरी आहे? हा सामना आहे म्हणून तुम्ही येता. नसेल तर कशाला याल? तातांच्या वाढदिवसाला आलात? उन्हाळ्यात येतो म्हणालात, किती उन्हाळे झाले? मी वर्षभर या घरात भांड्यांशी बोलते. डिसेंबर लागला की पडदे धुते, गाद्या उन्हात टाकते. तुम्ही दीड दिवस येता आणि त्यातला अर्धा दिवस स्टेडियमवर जातो. तेवढाही आता जॅक्सनला नेणार?"

"तुम्हीही या की जॅक्सनला," निको म्हणाला. यात त्याला खरोखर काही चूक दिसत नव्हती. "खोली आहे. ताता, तू, दोघंही या."

"पाहुणी म्हणून."

"अगं बहीण आहेस तू."

"बहीण पाहुणी म्हणूनच येईल ना, निको. तुझ्या घरात मी कुठल्या कपाटात काय आहे ते विचारत फिरेन, आणि तुझी बायको म्हणेल, तुम्ही बसा हो, बसा." तिने ते इतकं हुबेहूब म्हटलं की येल्काला हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

येल्काने टेबलावरून हात लांब करून विन्काचं मनगट धरलं. "मी खोटं बोलत नाही. सामना इथेच राहिला तर पुढच्या वर्षी मी येईन. चिडून येईन, पण येईन. त्याच्या पुढच्या वर्षी काहीतरी कारण निघेल. माझं मला माहीत आहे. तू मला असं किती वर्षं बांधून आणशील?"

विन्काने हात सोडवून घेतला नाही. डिसेंबरात दारात उभी राहणारी येल्का तिच्या डोळ्यांसमोर आली: एका हातात बॅग, दुसऱ्या हातात परतीचं तिकीट, आणि चेहऱ्यावर 'आले बाई एकदाची' असा भाव. तो भाव या वर्षीही होता. मागच्या वर्षीही होता. तिने तो पाहिला नव्हता असं नाही.

"पेन दे," ती निकोला म्हणाली.

निको इतका चकित झाला की त्याला पेन सापडेना. सगळे खिसे चाचपून झाल्यावर ते शर्टालाच लावलेलं निघालं.

"एका अटीवर. पुस्तिका मी लिहिली तशी छापायची. दोरी, साखळी, सगळं. आणि एकोणपन्नास सालाबद्दल खरं काय ते."

"करंडकावर नाव आहे त्यांचं!"

"म्हणूनच."

"येल्का, तू तरी सांग हिला."

"मी हिच्या बाजूने आहे," येल्का म्हणाली. "सकाळी नव्हते. आता आहे. तू सही घे आणि गप्प बस."

निको तातांकडे वळला. ताता खिडकीकडे पाहत होते. गंबोतला पावाचा तुकडा विरघळून गेला होता.

"लिहू दे तिला," ते म्हणाले.

विन्काने चौथ्या ओळीवर सावकाश लिहिलं: विन्का साब्लिच, यूरे साब्लिच यांची वारस. निकोने शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला आणि मग पाकिटात घातला. त्यानंतर चौघांनी थंड झालेलं गंबो खाल्लं. कोणी चांगलं झालंय म्हणालं नाही. पण निकोने दोनदा वाढून घेतलं.

सामन्याला सहा हजारही माणसं नव्हती. समुद्राकडून वारा येत होता आणि रिकाम्या बाकांवरून कागदी पेले खडखडत घरंगळत होते. टेनेसीकडचं एक कॉलेज आणि लुइझियानाचं एक. मध्यंतरात तातांना चाकाच्या खुर्चीतून मैदानाच्या मधोमध नेलं. लाऊडस्पीकरवर त्यांचं नाव, छत्तीस साल, मग टाळ्या. वाऱ्यामुळे टाळ्या मध्येच तुटत होत्या. निको त्यांच्यामागे खुर्चीचे दांडे धरून उभा होता, आणि येल्का व विन्का वर बाकावर एका ब्लँकेटखाली. पुढच्या वर्षीची घोषणा झाली तेव्हा पाठीमागे कोणीतरी हुर्यो उडवली, कोणीतरी शिटी वाजवली. बहुतेक लोक खाली उतरून कॉफीच्या रांगेत उभे राहिले.

"रडतेस का?" येल्काने विचारलं.

"वारा आहे."

"मलाही वाराच आहे."

लुइझियानावाले तीन गुणांनी जिंकले. येल्काचं विमान साडेसहाचं होतं, आणि निको तिला मोबीलला सोडून तसाच पुढे जॅक्सनला निघणार होता, म्हणून निरोप स्टेडियमच्या फाटकातच झाला. निकोने विन्काला घट्ट मिठी मारली, आणि ती संपल्यावरही दोन्ही खांदे धरून ठेवले. त्याला काही बोलायचं होतं. पण पाठीमागे कोणीतरी हॉर्न वाजवला.

"जूनमध्ये येते," येल्का काचेतून म्हणाली. "नक्की."

"ये," विन्का म्हणाली.

घरी पोचायला साडेपाच झाले. तिने तातांचा कोट काढला, बूट काढले, पायांवर शाल टाकली. मग स्वयंपाकघरात जाऊन चार ताटं घासली. पातेल्यात दहा माणसांना पुरेल इतकं गंबो उरलं होतं, ते डब्यांत भरून तिने फ्रीजरमध्ये ठेवलं. टेबलाची जादा फळी काढली आणि जिन्याखाली नेऊन उभी केली. ती परत आली तेव्हा ताता जागेच होते.

"मशीन काढ," ते म्हणाले.

"कशाला आता? दमलायत तुम्ही."

"खरं काय ते लिहिणार म्हणालीस ना? तुला काय माहीत आहे? तुझ्याकडे कागद आहे फक्त. काढ."

तिने दिवा लावला, टाइपरायटर त्यांच्या खुर्चीजवळ ओढला आणि कोरा कागद चढवला. ताता बराच वेळ शालीच्या झालरीशी खेळत राहिले. मग पत्र सांगावं तसे सांगू लागले, एकेक वाक्य तोडून.

"अठ्ठेचाळीसच्या ऑक्टोबरात मी यूरेला विचारलं. नवं स्टेडियम होतंय, सामना तिकडे नेऊ. तो म्हणाला, माझ्या मैदानात काय वाईट आहे? मी म्हटलं, काही नाही. पण तिथे वीस हजार माणसं बसतील. तो म्हणाला, वीस हजार माणसं तुझी कोण लागतात? ... लिहिलंस?"

"लिहिलं."

"मी पुन्हा विचारलं नाही. सही मीच केली. माझ्याच टेबलावर, सकाळी. जॉर्ज लिहिलं, कारण यूरे लिहायला हात धजला नाही."

विन्काची बोटं थांबली आणि मग पुन्हा चालू लागली.

"त्याने कोर्टात जायला हवं होतं. गेला नाही. मला एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, राग शांत होईल." ताता थांबले. "बावन्न साल लिही. की त्रेपन्न... बावन्न. सामन्याची सकाळ. मी बर्फ आणायला कारखान्याच्या रस्त्याने चाललो होतो. तो रस्ता जत्रेच्या मैदानावरून जातो. फाटक सताड उघडं होतं. मांडवावर झेंडा लावलेला. आणि तो आत होता, एकटा. दोरी ताणून, गुडघ्यावर बसून चुन्याने रेघा मारत होता. अख्खं मैदान आखलं होतं त्याने, दहा-दहा यार्डांवर, अगदी सरळ. शेवटची रेघ चालली होती."

"कोणासाठी?"

"मला काय माहीत कोणासाठी? तिथे कोणीही नव्हतं. त्याने माझी गाडी ओळखली. उठून उभा राहिला. हात केला नाही, शिवी दिली नाही. नुसता उभा राहून बघत होता, मी वळतो का ते."

बाहेर रस्त्यावरून सामन्याहून उशिरा परतणारी एखादी गाडी गेली. विन्काने कागदाची ओळ पुढे सरकवली, पण कळ दाबली नाही.

"गाडी का नाही थांबवलीत, ताता?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"सामन्याला उशीर होत होता," ते म्हणाले.

विन्काने तेही टाइप केलं.